कुरिअर महागलं: घरगुती ऑनलाइन विक्रेत्यांनी पार्सलचा खर्च कुठे आणि कसा कापावा

कुरिअरचे दर वाढले की पहिला विचार येतो तो स्वस्त कुरिअर शोधण्याचा. शोधावाच, पण त्यातून पार्सलमागे पाच-दहा रुपये सुटतात. खरा पैसा तीन ठिकाणी जातो: खोक्यात भरलेल्या हवेत, थोडक्यात हुकलेल्या स्लॅबमध्ये (अर्धा किलो, एक किलो, दीड किलो अशा दराच्या टप्प्यांत) आणि ग्राहकाच्या दारातून परत फिरलेल्या सीओडी (पार्सल आल्यावर पैसे) पार्सलमध्ये. ही तिन्ही भोकं विक्रेत्याच्या हातात आहेत. दरपत्रक तसं नाही. इंधन अधिभार डिझेलच्या आणि विमानाच्या इंधनाच्या भावाबरोबर हलतो. ब्लू डार्टसारखी कंपनी दर वर्षी १ जानेवारीपासून दरवाढ जाहीर करते आणि २०२५ सालासाठी ती सरासरी ९ ते १२ टक्के होती. त्याच वर्षी दिल्लीवरीने ईकॉम एक्स्प्रेस विकत घेतली, म्हणजे घासाघीस करायला एक नाव कमी झालं.

खालची उदाहरणं मसाले, लोणची, चिवडा असा घरगुती माल विकणाऱ्यांना समोर ठेवून दिली आहेत. साड्या, दागिने, पणत्या, पुस्तकं विकणाऱ्यांनाही गणित तेच. रुपयांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, तुमच्या दरपत्रकातले त्या जागी घाला.

आधी एका महिन्याचा हिशेब

अॅग्रिगेटरच्या (अनेक कुरिअर एकाच ठिकाणी मिळवून देणाऱ्या कंपनीच्या) किंवा कुरिअरच्या पॅनलवरून मागच्या महिन्याची शिपमेंटची यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या. एवढे रकाने ठेवा, बाकीचे उडवा: ऑर्डर नंबर, पिनकोड, झोन, प्रीपेड की सीओडी, तुम्ही टाकलेलं वजन, कुरिअरने लावलेलं वजन, जाण्याचा खर्च, सीओडी शुल्क, आरटीओचा (पार्सल परत येण्याचा) खर्च, जीएसटी. शेवटी एक रकाना तुमचा: खोका, टेप, बबल रॅप, लेबल मिळून पॅकिंगचा खर्च.

आता सगळ्या खर्चाची बेरीज करा आणि पोचलेल्या ऑर्डरींनी भागा. पाठवलेल्या ऑर्डरींनी भागू नका. बहुतेक जण तसं करतात आणि म्हणून 'आपल्याला पार्सल ७५ रुपयांना पडतं' या समजुतीत राहतात. परत आलेल्या पार्सलचा खर्च शेवटी पोचलेल्या पार्सलांनीच उचलायचा असतो.

मग वजनाचे दोन रकाने शेजारी ठेवून बघा. टाकलेलं वजन अर्धा किलो आणि लावलेलं एक किलो अशा ओळी दहातल्या दोन-तीन निघाल्या, तर तुमचं दुखणं दराचं नाही, मापाचं आहे.

पाच लिटरला एक किलो

कुरिअर पार्सलचं प्रत्यक्ष वजन आणि व्हॉल्यूमेट्रिक (आकारमानावरून काढलेलं) वजन असं दोन्ही काढतो आणि जे जास्त त्याचे पैसे लावतो. सूत्र सोपं आहे: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि ५००० ने भागा, उत्तर किलोत येतं. काही सेवांमध्ये भाजक ४००० किंवा ४५०० असतो. भाजक लहान तर वजन जास्त, म्हणून दर विचारताना भाजकही विचारा. दोन रुपयांनी स्वस्त दिसणारी सेवा ४००० ने भागत असेल तर फुगीर मालाला ती महागच पडणार.

५००० चा साधा अर्थ असा की एक किलोच्या पैशात तुम्हाला ५ लिटर जागा मिळते, अर्ध्या किलोच्या पैशात अडीच लिटर. लिटरला २०० ग्रॅमपेक्षा जास्त वजन भरणारा माल 'जड', त्यापेक्षा कमी भरणारा 'फुगीर'. मसाला, गूळ, लोणचं, तांब्या-पितळेची भांडी जड. कुरडया, फेण्या, पाकिटात हवा भरलेले वेफर्स, कागदी आकाशकंदील फुगीर. पातळ पोह्यांचा चिवडा कुंपणावर बसतो: अर्धा किलो चिवडा नीट भरला तर तीन-चार लिटरमध्ये मावतो, म्हणजे खोक्यासकट एक किलोच्या आत. तोच पंचवीस बाय वीस बाय पंधरा सेंटिमीटरच्या हाताशी सापडलेल्या खोक्यात टाकला की ७५०० भागिले ५०००, दीड किलो. एक अख्खा स्लॅब रिकाम्या कोपऱ्यांचा.

जड मालाला खोका थोडा मोठा झाला तरी फारसं बिघडत नाही, तिथे पॅकिंगचं वजन कमी करायचं. फुगीर मालाला उलट: पुठ्ठा जाड चालेल, माप एक सेंटिमीटरही वाढता कामा नये. दोन्हींना एकच खोका वापरणारा दोन्हीकडून मार खातो.

खोका विकत घेताना

बाजारात खोके इंचात मिळतात. दर वेळी सेंटिमीटर करत बसू नका: इंचातली तीन मापं गुणा आणि ३०५ ने भागा, किलो मिळतील. अर्ध्या किलोची मर्यादा साधारण १५२ घनइंच. म्हणजे ८×६×४ चा नेहमीचा खोका १९२ घनइंचांचा, ०.६३ किलो. आत शंभर ग्रॅमचं कानातलं असलं तरी पैसे एक किलोचे.

इथे एक खाच आहे. ७×५×४ चा खोका १४० घनइंच भरतो, म्हणजे कागदावर अर्ध्या किलोत बसतो. पण दुकानदार सांगतो ते माप बहुधा आतलं असतं आणि कुरिअर मोजतो बाहेरून. तीन-प्लायचा (तीन थरांचा) पुठ्ठा सुमारे ३ मिलिमीटर जाड. लांबी-रुंदीत दोन्ही बाजूंचे मिळून ६ मिलिमीटर वाढतात. उंचीत वर दोन आणि खाली दोन अशा पाकळ्या एकमेकींवर येतात, तिथे १२ मिलिमीटर. मग बाहेरचं माप होतं १८.४ × १३.३ × ११.४ सेंटिमीटर, आणि व्हॉल्यूमेट्रिक वजन जवळपास ०.५६ किलो. स्लॅब हुकला. तोच खोका ७×५×३ घेतला तर बाहेरून ०.४३ किलो येतो आणि निवांत बसतो. हजार खोके उचलण्याआधी एक नमुना आणा, माल भरा, टेप मारा आणि मग मोजा.

टेप मारल्यानंतर मोजायचं कारण फुगवटा. दाबून भरलेल्या खोक्याचं झाकण मधोमध वर येतं. १८×१४×९ चा खोका ०.४५ किलोचा, पण फुगून १९×१५×१०.५ झाला की ०.६०. हबमधलं (कुरिअरच्या छाननी केंद्रातलं) यंत्र सर्वांत उंच बिंदू धरतं, कोपरा नाही. म्हणून फुगणाऱ्या मालाला कडेने मोकळीक द्या आणि झाकणाखाली अर्धा सेंटिमीटर रिकामा सोडा.

वजनाकडे बघू. २०×१५×१० सेंटिमीटरचा तीन-प्लाय खोका साधारण ७५-८० ग्रॅम भरतो, पाच-प्लाय त्याच्या दीडपटीहून जास्त. दहा बाय चौदा इंचांची ६० मायक्रॉनची कुरिअर बॅग मात्र फक्त १०-१२ ग्रॅम. साडी, कुर्ती, मसाल्याची पाकिटं, गोधडीचं कव्हर अशा न फुटणाऱ्या मालाला खोका लागतच नाही. बॅगेत भरताना हवा दाबून काढा आणि उरलेलं तोंड मागे दुमडून चिकटवा, नाहीतर ती उशीसारखी फुगते आणि माप पुन्हा वाढतं.

लोणच्यात बरणीच खर्चिक असते. पाव किलो लोणच्याची काचेची बरणी रिकामीच दीड-दोनशे ग्रॅम, वर बबल रॅपचे तीन वेढे आणि पाच-प्लाय खोका. पाव किलो मालाला एक किलोचा स्लॅब. फूड-ग्रेड स्टँडिंग पाउच १० ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्यात हेच पार्सल अर्ध्या किलोत जातं. पाउचची भीती तेल गळण्याची. गळतं ते बहुतेक वेळा सीलच्या जागी तेलाचा थेंब राहिल्यामुळे. तेल असलं की प्लास्टिक एकजीव होत नाही, वरून चिकटल्यासारखं दिसतं आणि ट्रकमध्ये दाब आला की सुटतं. त्यावर उपाय असे: फनेलने भरा, तोंडाच्या आतली बाजू कोरड्या कापडाने पुसा, एक सेंटिमीटर अंतर सोडून दोन समांतर सील मारा, पाउच रात्रभर वर्तमानपत्रावर आडवा ठेवा. वर चार-पाच किलोचं वजन ठेवलं तर आणखी बरं. सकाळी कागदाला डाग नसेल तरच बॅगेत घाला. बरणीच हवी असा आग्रह धरणारे ग्राहक असतात. त्यांना बरणी द्या आणि तिचे पैसे वेगळे लावा.

'फ्रॅजाइल'च्या स्टिकरवर विसंबू नका. भरलेला खोका कमरेच्या उंचीवरून एकदा कोपऱ्यावर, एकदा कडेवर, एकदा सपाट टाका. आतला माल जागचा हलला नाही तर पॅकिंग पुरेसं आहे. त्याहून जास्त बबल रॅप म्हणजे स्वतःची समजूत.

स्लॅबला धरून पाकिटं बांधा

अर्धा किलो निव्वळ वजनाचं पाकीट हा कुरिअरच्या दृष्टीने सगळ्यात वाईट आकार. पॅकिंगसकट ५७०-५९० ग्रॅम होतात आणि पैसे एक किलोचे जातात. ४०० ग्रॅमचं पाकीट ठेवलं तर एक पाकीट अर्ध्या किलोत आणि दोन एक किलोत जातात. दुकानात अर्धा किलो विकायला हरकत नाही, ऑनलाइनसाठी वेगळा आकार ठेवा. पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, युनिट सेल प्राइस वगैरे वैधमापनाच्या नियमांप्रमाणे छापायचं असतंच, आकार बदलला की ते सगळं बदला. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांकही विसरू नका.

कॉम्बो ठरवतानाही हेच. समजा कांदा-लसूण मसाल्याचं २०० ग्रॅमचं पाकीट १८० रुपयांना आहे. दोन पाकिटं बॅगेसकट ४३० ग्रॅम, अर्धा किलो. चार पाकिटं ८५०-८७०, एक किलो. पाच मात्र १०६० च्या पुढे, दीड किलो. 'पाच पाकिटांचा फॅमिली पॅक' ऐकायला छान आहे, पण पाचवं पाकीट आपला नफा घेऊन निघून जातं.

वजनाचा वाद

कुरिअरने जास्त वजन लावलं की अॅग्रिगेटरच्या वॉलेटमधून फरक कापला जातो आणि हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात, बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या आत-बाहेर. त्या मुदतीत फोटो नसतील तर वाद तिथेच संपतो. म्हणून फोटो आधीच काढून ठेवायचे:

१. सीलबंद पार्सल काट्यावर, आकडा आणि लेबलवरचा एडब्ल्यूबी (पार्सलचा ट्रॅकिंग) नंबर एकाच चौकटीत.
२. लांबी, रुंदी, उंची यांचे तीन वेगळे फोटो, मेजर टेपचा शून्य दिसेल असे.
३. खोका सपाट आहे हे दाखवणारा कडेने एक फोटो.

सगळी पार्सलं अशी टिपायला वेळ नसेल तर जी स्लॅबच्या काठावर आहेत, म्हणजे ४५० ते ५०० किंवा ९०० ते १००० ग्रॅम, त्यांचे तरी काढाच. तीच पुढच्या स्लॅबमध्ये उडतात. पॅनलवर प्रत्येक मालाचं वजन-माप फोटोसह कायमचं नोंदवून ठेवायची सोय असेल तर ती आधी वापरा.

काटाही तपासा. स्वयंपाकघरातला काटा बॅटरी उतरली की दहा-वीस ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतो. आठवड्यातून एकदा सीलबंद एक किलो मिठाची पिशवी ठेवून बघितलं तरी काटा भरकटलाय का ते कळतं. आणि ४९५ ग्रॅमवर कधी थांबू नका: लेबल, त्याचं प्लास्टिक आणि पावसाळ्यात पुठ्ठ्याने धरलेला ओलावा मिळून १०-१५ ग्रॅम सहज वाढतात. ४७० च्या आत राहा.

सीओडी: खरी गळती इथे

समजा ६०० रुपयांचा फराळाचा डबा आहे. माल ३३० रुपयांचा, पॅकिंग १८, जाण्याचा खर्च ७५, सीओडी शुल्क ३५, परत आला तर आरटीओचे ७०. शंभर सीओडी ऑर्डरी गेल्या आणि वीस परतल्या. जाण्याचे ७५००, पोचलेल्या ८० चं सीओडी शुल्क २८००, आरटीओचे १४००, पॅकिंगचे १८००, एकूण १३,५००. पोचलेल्या प्रत्येक डब्यावर १६९ रुपये. त्यात परत आलेला फराळ दहा-बारा दिवस गोदामांत फिरलेला, तो पुन्हा विकायचा नाही. त्या वीस डब्यांचे ६६०० धरले की आकडा जातो २५१ वर. ६०० वजा ३३० म्हणजे २७० मिळत होते, त्यातले हातात राहिले १९.

हाच डबा प्रीपेड गेला तर ७५ अधिक १८ अधिक पेमेंट गेटवेचे सुमारे १४ (दोन टक्के आणि त्यावर जीएसटी), एकूण १०७. हातात १६३. ग्राहकाने थेट यूपीआय केलं तर ते १४ सुद्धा वाचले. सीओडीच ठेवून परत येणारे डबे वीसवरून आठवर आणले तरी डब्यामागे १९ चे ९९ होतात. कुठल्याही कुरिअरशी कितीही घासाघीस केली तरी ८० रुपये कमी होणार नाहीत.

सीओडी एकदम बंद करू नका. लहान गावांत आणि पहिल्यांदा घेणाऱ्यांत त्याशिवाय ऑर्डर येत नाही. या क्रमाने आवळा:

पहिलं, प्रीपेडला ३०-४० रुपयांची सूट द्या आणि ती चेकआउटवर आकड्यात दाखवा: 'आत्ता भरल्यास ५६५, पार्सल आल्यावर ६००'. टक्के कोणी मोजत बसत नाही.

दुसरं, सीओडी हवंच असेल तर शंभर रुपये आगाऊ घ्या आणि बाकीचे दारात. ज्याने शंभर भरले तो पार्सल नाकारत नाही. ज्याला घ्यायचंच नव्हतं तो इथेच गळतो, आणि ती ऑर्डर गेली म्हणून हळहळू नका.

तिसरं, पाठवण्याआधी व्हॉट्सअॅपवर पक्कं करा. मजकूर लांबवू नका: 'नमस्कार ताई, तुमची चकली-चिवड्याची ऑर्डर उद्या निघेल. ६०० रुपये रोख किंवा यूपीआय. पत्ता खाली दिलाय, बरोबर असेल तर "हो" लिहा. शुक्रवार-शनिवारी घरी कोणी असेल ना?' शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. बरीच पार्सलं परत येतात ती नकोत म्हणून नाही, दाराला कुलूप होतं म्हणून. 'हो' आलं नाही तर एकदा फोन, तोही उचलला नाही तर पार्सल थांबवा.

चौथं, पत्ता. शहरात फ्लॅट, सोसायटी, रस्ता, जवळची खूण. गावात मु. पो., तालुका, जिल्हा, पिन, आणि त्याबरोबर वाडी किंवा वस्तीचं नाव व शेजारच्या दुकानाची खूण. दुसरा मोबाईल नंबर सक्तीचा करा. पिन ग्राहकाने चुकीचा टाकणं फार होतं, लोक तालुक्याचा पिन लिहून मोकळे होतात. पिनवरून येणारं टपाल कार्यालय आणि लिहिलेलं गाव जुळतंय का ते पाहा.

पाचवं, एनडीआर, म्हणजे पार्सल पोचलं नाही असा कुरिअरचा शेरा. 'ग्राहक उपलब्ध नाही' असा शेरा पडला की त्याच दिवशी ग्राहकाला फोन करून पॅनलवर पुन्हा प्रयत्नाची विनंती टाका. साधारण तीन प्रयत्नांनंतर पार्सल मागे वळतं, आणि वळल्यावर थांबवणं जवळपास अशक्य. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं या एका कामाला ठेवा. ग्राहक म्हणतोय 'कोणी आलंच नाही', तर त्याच्याकडून तसा मेसेज घेऊन तक्रारीला जोडा.

दोनदा पार्सल नाकारलेल्या नंबरांची यादी ठेवा. त्यांना फक्त प्रीपेड.

कोणतं पार्सल कोणाबरोबर

आता कुरिअर निवडूया. दरपत्रकात झोन साधारण पाच असतात: त्याच शहरात, त्याच राज्यात किंवा विभागात, महानगर ते महानगर, उर्वरित भारत, आणि ईशान्य-जम्मू-काश्मीरसारखे दूरचे भाग. यात आपल्याकडचा एक घोळ लक्षात घ्या. मुंबईहून दिल्लीला जाणारं पार्सल महानगर दरात बसतं, सांगलीहून तेच 'उर्वरित भारत' होतं. कोल्हापूरहून बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पण राज्य वेगळं. काही कुरिअर राज्य बघतात, काही अंतर. सीमाभागात आणि गोव्यात ग्राहक असतील तर नुसत्या झोनच्या नावावर जाऊ नका, तुमचे नेहमीचे दहा पिन रेट कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघा.

अॅग्रिगेटरच्या पॅनलवर 'आपोआप निवड' चालू असेल तर ती काय निवडते ते तपासा. घाई नसलेल्या मालाला सरफेस (रस्त्याने) पुरतो, एअर (विमानाने) नको. अत्तर, बॅटरी असलेल्या वस्तू तशाही विमानात अडतात. महिना भाडं असलेली योजना घेण्याआधी तिचे पैसे महिन्याच्या पार्सलांनी भागा. हजार रुपयांच्या योजनेत पार्सलमागे १२ रुपये सुटत असतील तर ८४ पार्सलांच्या आत ती तोट्यात. तीस-चाळीस पार्सलं पाठवणाऱ्यांनी मोफत योजनेतच राहावं.

खासगी कुरिअर जिथे पोचत नाही किंवा 'हबवर येऊन घेऊन जा' म्हणतो तिथे टपाल खातं. गडचिरोलीतलं गाव असो की सिंधुदुर्गातली वाडी, पोस्टमन जातो. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले: ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये आणि बाहेर ४७, २५१ ते ५०० ग्रॅमला स्थानिक २८ आणि दोनशे किलोमीटरपर्यंत ७०, वर जीएसटी. हे दर कागदपत्रांचे आहेत. साडी किंवा मसाला त्यात जात नाही, त्याला पार्सलचा दर लागतो, तो खिडकीवर किंवा संकेतस्थळावर पिन टाकून बघा. नियमित पार्सलं असतील तर जवळच्या मुख्य टपाल कार्यालयात करार करून ग्राहक होण्याची चौकशी करा, त्यात सवलत आणि पिकअप दोन्हींची बोलणी होतात.

पुस्तकं विकणाऱ्यांसाठी मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. रस्त्याने जातं, म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅकिंग मिळतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं आणि आत जाहिरातपत्रकं, डायऱ्या, कॅलेंडरं कोंबायची नाहीत. एवढ्या दरात पुस्तक खासगी कुरिअर नेणार नाही.

दहा किलोच्या वर गेलात की कुरिअरचा विचारच सोडा. हापूसच्या पेट्या, गुळाच्या ढेपा, भांड्यांचे संच एसटीच्या पार्सल सेवेने, खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून किंवा ट्रान्सपोर्टने जातात. ग्राहकाला स्टँडवर किंवा ऑफिसात येऊन घ्यावं लागतं, हे ऑर्डर घेतानाच सांगा आणि पावतीचा फोटो, गाडी सुटण्याची वेळ, उतरवायचं ठिकाण पाठवा. आंब्याला हे जास्त बरं: रात्री निघालेली पेटी सकाळी पुण्यात असते.

शहरातल्या ग्राहकांसाठी रोज एकेक पार्सल पाठवू नका. मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ठरवा, त्या भागातली पार्सलं एकाच फेरीत द्या. सोसायटीतल्या चार-पाच घरांची ऑर्डर एकाच दारी गेली तर पाच खोक्यांच्या जागी एक खोका जातो. जी ताई गोळा करून देते तिला एक पाकीट भेट द्या, तरी पैसे उरतात.

ग्राहकाकडून किती घ्यायचं

'फ्री डिलिव्हरी' ठेवायचीच असेल तर ती स्लॅबला बांधा. वरचंच मसाल्याचं उदाहरण. पाकिटामागे चाळीस टक्के सुटतात असं धरू. दोन पाकिटं, ३६० रुपये, नफा १४४, डिलिव्हरीचे ५५ ग्राहकाने दिले. चार पाकिटं, ७२० रुपये, नफा २८८, राज्यात एक किलोचे ९५ तुम्ही सोसले तरी १९३ उरतात. म्हणून महाराष्ट्रात ६९९ च्या वर फ्री हा सौदा परवडतो. राज्याबाहेर एक किलोचे १४० लागत असतील तर उरतात १४८, म्हणजे दुप्पट माल देऊन चार रुपये जास्त. तिथे फ्री नको, ५०-६० रुपये सरळ लावा. दोन दर ठेवले तर पुरतात: 'महाराष्ट्र' आणि 'महाराष्ट्राबाहेर'. पाच झोनांचा तक्ता बघून ग्राहक पळतो.

सगळा खर्च किमतीत मिसळून टाकण्याची पद्धत एकेक वस्तू विकणाऱ्यांना चालते. जिथे लोक चार-पाच नग घेतात तिथे ती अन्यायाची होते, कारण ग्राहक पाच वेळा डिलिव्हरी भरतो आणि त्याला ते कळतं.

जीएसटीचा मुद्दा थोडक्यात: कुरिअरच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, त्यासाठी पॅनलवर तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) भरलेला हवा. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशनमध्ये (लहान व्यावसायिकांच्या जीएसटी योजनेत) असाल तर तो १८ टक्के तुमचा खर्चच, दर मोजताना धरून मोजा. मालाबरोबर ग्राहकाकडून घेतलेल्या डिलिव्हरी शुल्काला सहसा मालाचाच कर दर लागतो, ते वेगळं काढून करमुक्त समजू नका.

परदेशी फराळ पाठवणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, आणि मधल्या काळात भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सलं थांबवून १५ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू केली. विक्रीच्या खाद्यपदार्थाला तिथे आगाऊ सूचनाही द्यावी लागते. त्यामुळे तिकडची ऑर्डर घेताना शुल्क कोण भरणार हे लिहून घ्या आणि पाठवणाऱ्या एजन्सीकडून 'दारापर्यंत, सगळं धरून' असाच दर मागा.

दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे पिकअप चुकतात, हब तुंबतात आणि दोन दिवसांचं पार्सल सहा दिवस घेतं. फराळाची शेवटची तारीख महाराष्ट्रासाठी वसुबारसेच्या आठ दिवस आधी, बाहेरच्या राज्यांसाठी बारा दिवस आधी ठेवा आणि ती नवरात्रातच जाहीर करा. शेवटच्या आठवड्यात खाद्यपदार्थाचं सीओडी पूर्ण बंद ठेवा. खोके, टेप आणि लेबल रोल गणपतीनंतर लगेच भरून घ्या, ऑक्टोबरात हवं ते माप मिळत नाही आणि मग हाताशी येईल त्या ८×६×४ मध्ये माल जायला लागतो.